नैसर्गिक संसाधनांचा कायदा: फक्त ऐच्छिक विषय पुरणार नाही

लॉच्या शेवटच्या वर्षाला पर्यावरण कायदा ऐच्छिक घेतला की नैसर्गिक संसाधनांच्या कायद्यातलं स्पेशलायझेशन झालं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पर्यावरण कायद्यात भर प्रदूषणावर असतो. इथे मूळ भांडण हक्काचं आहे: खनिज कोणाचं, बांबू कोण तोडणार, धरणाचं पाणी आधी कोणाला.

२००६ चा वनहक्क कायदाच घ्या. सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाने पूर्वापार राखलेल्या-वापरलेल्या जंगलाचा, दावा ग्रामसभा नमुना 'क' या ठरलेल्या अर्जात करते, आणि या कायद्याखालच्या नियम १३ प्रमाणे गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा पुरावा ठरतो. विदर्भात जुनं निस्तार पत्रक (गावकऱ्यांच्या जंगल-चराईच्या वापराची सरकारी नोंद) हाती लागलं तर दाव्याला मोठंच बळ येतं. पण ते वाचायला कॉलेजात कोण शिकवतं? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला असा हक्क मिळाला २००९ मध्ये, बांबू विकायला बाहेर नेण्याचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हाती यायला मात्र २०११ उजाडलं. वकिलाचं खरं काम या मधल्या काळात असतं.

सुप्रीम कोर्टाच्या निकालांपैकी ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा २०१३ चा आणि गोव्याच्या खाणींवरचे २०१४ व २०१८ चे मुळातून वाचा, सारांश नको. शिवाय महसुली कायदा (जमिनीच्या मालकी-नोंदींचा) नीट करा, तो सगळे टाळतात.

इंटर्नशिपसाठी सगळे पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायपीठाकडे, धावतात. जरूर जा, पण एक सुट्टी वनहक्क दाव्यांवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेबरोबर तालुक्याच्या गावी काढा. नाकारलेल्या दाव्यांच्या फायली तिथेच बघायला मिळतील.