ऑपरेशनच्या बाजूचा हात किती वापरायचा? अमळनेरात बायकांचा व्यायामगट सुरू करायचाय

बोरीकाठ
स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या नऊ जणींचा सकाळचा गट अमळनेरात सुरू करायचा आहे. वयं ३८ ते ६४. सहा जणींचा स्तन पूर्ण काढलाय, काखेतल्या गाठीही काढल्यात. दोघींची केमो अजून चालू आहे, एकीच्या हाताला सूज आहे. घरच्यांनी प्रत्येकीला एकच बजावलंय, "त्या हातानं काही उचलू नको." त्यामुळे चौघींचा हात खांद्याच्या वर जातच नाही. जागा शाळेच्या पटांगणाची, पैसे जेमतेम. वजन उचलू द्यायचं का, दिलं तर किती? केमोवाल्यांना बोलवायचं का? कापसाची वेचणी सुरू झाली की निम्म्या जणी शेतात जातील, तेव्हा काय करायचं? फिजिओथेरपीतल्या आणि वॉर्डातल्या जाणकारांनी नेमकं सांगा.

खांदा_मोकळा (फिजिओ, जळगाव)
ताई, हात जपायचा म्हणजे वापरायचाच नाही, हा सल्ला आता मागे पडलाय. २००९ साली कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. हाताला सूज असलेल्या १४१ बायका, आठवड्यातून दोनदा वजनाचा व्यायाम, एक वर्ष. सूज उसळण्याचं प्रमाण वजन उचलणाऱ्यांत १४ टक्के निघालं, न उचलणाऱ्यांत २९. मात्र सुरुवात अगदी हलक्या वजनानं होती, पहिले १३ आठवडे शिकवणारं माणूस समोर होतं आणि हातात दाबाची बाही (सूज दाबून ठेवणारी घट्ट लवचिक बाही) होती. या तिन्ही गोष्टी सोडून नुसतं "वजन चालतं" एवढंच उचलू नका.

कारण समजून घ्या. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं लसिकेचं (लिम्फचं) पाणी वर नेणारे रस्ते कमी होतात. स्नायू आवळला-सैल झाला की तेच पाणी पुढे ढकललं जातं. सहा महिने न वापरलेल्या हातानं एकदम भरलेला हंडा उचलला की मात्र उरलेल्या रस्त्यांना तो भार झेपत नाही. दोष उचलण्याचा नाही, एकदम उचलण्याचा आहे.

पहिल्या दिवशी व्यायाम नाही, फक्त मोजमाप. कोपराच्या टोकदार हाडापासून १० सेंटिमीटर खाली आणि १० सेंटिमीटर वर पेनानं खूण करा, तिसरी जागा मनगट. दोन्ही हात मोजा आणि वहीत लिहा. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतली नाही पाहिजे. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, म्हणून वर्षभर एकच टेप ठेवा आणि महिन्यातून एकदा ती लाकडी पट्टीशी लावून पाहा. कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या आकड्याला फार किंमत आहे. पुढे एखाद्या जागी दोन्ही हातांतला फरक आधीपेक्षा २ सेंटिमीटरनं वाढला तर त्या हाताचं वजन थांबवून तपासणीला पाठवा. अंगठी किंवा बांगडी घट्ट होणं, हात जड वाटणं ही खूण टेपच्याही आधी दिसते.

हात वर न जाणाऱ्या चौघींना अजून वजन नको, आधी भिंत. भिंतीकडे तोंड करून बोटांनी वर सरपटत जायचं, जिथे ताण लागतो पण कळ येत नाही तिथे ५ सेकंद थांबायचं, खडूनं रेघ मारायची. १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. चूक कुठे होते? खांदा कानाकडे उचलला जातो आणि कंबर मागे वाकते. रेघ वर गेलेली दिसते, पण खांदा तिथेच. म्हणून शेजारच्या बाईनं खांद्यावर तळहात ठेवायचा. गटाचा पहिला उपयोग हाच. दुसरा व्यायाम पाठीवर झोपून: दोन्ही हातांत काठी धरून डोक्यामागे न्यायची, चांगल्या हातानं दुसऱ्याला नेऊ द्यायचं. लाटणं आखूड पडतं, झाडूचा दांडा बरा.

काखेपासून कोपराकडे दोरीसारखी ताणलेली शीर दिसली तर घाबरायचं नाही. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत ती अनेकींना येते. हळू ताण देत राहायचं. कुणी हिसका देऊन "तोडून" द्यायला आलं तर देऊ नका. रेडिएशन झालेल्यांनी ताणाचे व्यायाम उपचार संपल्यावरही सोडू नयेत, कातडी आणि छातीचा स्नायू नंतरही आखडत जातो.

हात डोक्यावर गेला की अर्ध्या किलोपासून सुरू. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली म्हणजे अर्धा किलो. तीच वाळूनं भरली तर पाऊण किलोच्या वर जाते आणि बाई समजते अर्धाच आहे. किराणा दुकानात तोलून वर आकडा लिहा. कोपरातून हात दुमडणं, हात बाजूनं फक्त खांद्याइतका वर, रबरी पट्टा मागे ओढणं, भिंतीवर जोर, खुर्चीवरून उठबस. प्रत्येक १० वेळा, एकच फेरी. मधे एक-दोन दिवस सोडून आठवड्यातून दोनदा. हळूहळू दोन फेऱ्या, मग तीन. सलग दोन वेळा काही त्रास नाही, तर अर्धा किलो वाढवा. दोन खेपा चुकल्या तर परत आल्यावर एक पायरी खाली. लग्नसराईनंतर हात सुजतात ते बहुतेक याच चुकीनं.

केमोवॉर्ड_सिस्टर
केमोवाल्या दोघींना गटात घ्या, पण तारखांचा हिशोब ठेवून. डोस दिल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत गर्दी नको, घरच्या अंगणात २० मिनिटं चालणं पुरे. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर गोळी खाऊन वाट पाहायची नाही, रात्र असली तरी दवाखाना. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ५०,००० च्या खाली असतील तर वजन आणि रबरी पट्टा बंद. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय व्यायाम नको. दंडात केमोची नळी असेल तर त्या हाताला जोर नाही.

पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध घेतलेल्यांच्या तळपायाला बधिरता येते, त्यांना चप्पल नको, मागून बंद बूट, आणि तोल सांभाळायला भिंतीजवळची जागा. अॅड्रियामायसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही हृदयावर परिणाम करू शकणारी औषधं झालेल्यांना टू-डी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणायला सांगा. चालताना धाप लागली, पाय सुजले तर तिथेच थांबवा. टॅमॉक्सिफेन या हार्मोनच्या गोळीवर असलेलीची एकच पोटरी दुखून सुजली तर त्याच दिवशी डॉक्टर, रक्ताची गुठळी असू शकते. लेट्रोझोल या दुसऱ्या हार्मोनच्या गोळीनं सांधे दुखतात म्हणून बायका येणं सोडतात. त्यांनीच सोडू नये, चालण्यानं ती दुखी कमी होते आणि हाडंही त्या गोळीनं विरळ होत असतात. हाडांत आजार पोचलेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरच्या लेखी होकाराशिवाय वाकणं-पिळणं-वजन काहीच नको.

बोरीकाठ
खूप उपयोगी, ताई. दोन शंका राहिल्या. मे महिन्यात बाही घालवत नाही असं ती सूजवाली म्हणते. आणि दोघी म्हणतात, गल्लीत कळायला नको. घरी "पोटाचं ऑपरेशन" एवढंच सांगितलंय.

तापीपूर
बाहीबद्दल: माप घेऊनच घ्यायची, अंदाजे घेतलेली सैल असते किंवा वरच्या काठाला रुतते आणि खालचा हात फुगतो. पंजा सुजत असेल तर पंजाची वेगळी पट्टीही लागते. दोन बाह्या ठेवा, घामाची रोज धुवायची, सावलीत वाळवायची. उन्हात ताण जातो. साधारण सहा महिन्यांत बदलावी लागते. भुसावळ-जळगावकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून साडेपाचला सुरुवात, साडेसहाला घर. उन्हात हात तापला की सूज वाढते, हे खरं कारण आहे, नुसती अडचण नाही.

वेचणीत भीती वजनापेक्षा टोचण्याची. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलतात आणि त्या हातात जंतू शिरले तर लाली, गरमी, ताप. अशा वेळी बाही काढा, व्यायाम बंद, त्याच दिवशी अँटिबायोटिकसाठी डॉक्टर. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट बायका घालतातच, त्यात पातळ हातमोजे वाढवा. झोळीचा पट्टा चांगल्या खांद्यावर, आणि ती अर्धी भरली की रिकामी करायची. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावर बसून झुलायला हरकत नाही. उभं राहून दोर ओढत उंच झोका घेणं हात पूर्ण वर जाईपर्यंत नको.

नाव "सकाळचा गट" ठेवा, बास. त्यात गुडघेदुखीवाल्या चार जणी घ्या म्हणजे कुणाकडे बोट जाणार नाही. मोजमापाची वही एकीकडेच, व्हॉट्सअॅपवर फोटो नाहीत. १९९६ साली कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी अशा २४ बायकांना ड्रॅगन बोटीत वल्हवायला बसवलं होतं. जोरानं हात वापरला की सूज येणारच, हा तेव्हाचा समज. एकीलाही नव्यानं सूज आली नाही. आपल्याकडे तशी होडी नाही, पण एका तालात सगळ्यांनी मिळून करण्याची सवय आहे. गुलाबाईची गाणी म्हणत टाळ्या डोक्याच्या वर नेऊन वाजवा; हात आपोआप वर जातो आणि भिंतीपेक्षा जास्त वेळ टिकतो.

केमोवॉर्ड_सिस्टर
एक राहिलं. व्यायामाला काढलेल्या स्तनाच्या जागी घालायचं जड सिलिकॉनचं पॅड नको, घामानं कातडी सोलते. सुती ब्राला आतून खिसा शिवून हलका कापसाचा भरणा ठेवा. तो वर सरकतो, म्हणून खिशाचं तोंड टिचबटणानं बंद करा. टाके पूर्ण भरेपर्यंत आणि रेडिएशन चालू असताना तेही नको, सैल सुती कुडता घाला.