दुवा मुखपृष्ठाचा नको, नोंदीचा हवा

कोश, वाचनालये अशा संस्थांनी संकेतस्थळावरील आपल्या साहित्याकडे समाजमाध्यमांतून वाचक कसे आणावेत, अशी इथे चर्चा आहे. संस्थेने फेसबुकवर पान उघडून संकेतस्थळाचा पत्ता दिला की वाचक आपोआप तिकडे वळतात, असे आधीच्या प्रतिसादात म्हटले आहे. माझा अनुभव वेगळा आहे.

मराठी विश्वकोशाचेच उदाहरण घ्या. १९७६ साली पहिला खंड निघालेल्या या कोशाच्या नोंदी आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. परंतु ‘आमच्या संकेतस्थळाला भेट द्या’ एवढ्या आवाहनाने कोणी कोश उघडून बसत नाही. त्याऐवजी नारळी पौर्णिमेच्या सकाळी नारळावरील नोंदीतली दोन वाक्ये आणि नेमका त्याच नोंदीचा दुवा व्हॉट्सॲपवर आला, तर माणूस कुतूहलाने तो उघडतो आणि एकदा आत शिरला की इतर नोंदीही चाळतो.

आमच्या वाचनालयाने जुन्या अंकांचे डिजिटायझेशन झाल्यावर इन्स्टाग्रामवर एक देखणे चित्र टाकले, पण दुवा त्या चित्रातच छापलेला होता. तो लांबलचक पत्ता अक्षर अक्षर पाहून टंकण्याची चिकाटी कोण दाखवणार? (चित्राखालच्या मजकुरात दिलेला दुवाही तिथे उघडत नाही, म्हणून तो प्रोफाइलसारख्या ठिकाणी द्यावा लागतो.) शिवाय चित्रासोबत पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारे वर्णन) लिहिलेला नसेल, तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकापर्यंत त्यातला मजकूर नीट पोहोचेलच असे नाही.

माझ्या मते सर्वाधिक उपयोग होतो तो ‘अमुक अंक कुठे मिळेल?’ असे विचारणाऱ्याला तिथल्या तिथे, त्या अंकाच्या थेट दुव्यासह उत्तर देण्याचा. आणि नेमके हेच काम बहुतेक संस्थांत कोणाकडेही सोपवलेले नसते.