झाकण उघडलं की बरा होणारा प्रीअँप: तुमचेही किस्से येऊ द्या

काल माळा आवरताना जुना, घरीच बनवलेला माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारी पेटी) हाती लागला आणि ते तीन महिने आठवले. वीसेक मिनिटं छान चालायचा, मग डाव्या चॅनेलवर चरचर. शोधायला झाकण उघडावं तर एकदम गप्प! आयसी बदलली, कपॅसिटर बदलले, पॉवर सप्लायला शिव्या घालून झाल्या. शेवटी झाकण अर्धवट ठेवून फटीतून विणकामाची लाकडी सुई घातली आणि एकेका पार्टला टिचकी मारत गेलो. फँटमच्या (कंडेन्सर माइकला केबलमधूनच जाणारे ४८ व्होल्ट) ६.८ के रेझिस्टरपाशी आलो आणि हेडफोनमध्ये फाड्! भिंगाखाली पाहिलं तर पायाभोवती केसाएवढी गोल चीर. सोल्डरचा डाग वरून चकचकीत, आत पाय सुटा. पेटी तापली की सुटायचा, गार झाली की टेकायचा. डायनॅमिक माइकवर एकदाही त्रास नव्हता, कारण त्याला ४८ व्होल्ट लागत नाहीत, तेव्हा ते बंद. हे आधी का सुचू नये?

*

डॉक्टरच्या दारात दात दुखायचा थांबतो, त्यातलाच प्रकार 😄

*

माझा गेन पॉट (आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा फिरता रेझिस्टर). फिरवला की खरखर. स्प्रे मारला, दोनदा पॉट बदलला, तेच. मग मीटर लावला तर पॉटवर डीसी, जो तिथे नकोच! त्याच्या सिरीजमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लीक होत होता. आयएनए२१७ या प्रीअँपच्या आयसीला ६० डेसिबेल गेनसाठी तिथे फक्त १० ओहम लागतात, म्हणून तो कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडच्या घरातला ठेवावा लागतो, नाहीतर खालचे सूर जातात. आणि वायपर (पॉटमधला सरकता संपर्क) एखादा ओहम जरी हलला तरी आवाज जवळजवळ एक डेसिबेल वरखाली. मी आता तिथे पॉट लावतच नाही, रोटरी स्विच. कुकर झाला, बाकी नंतर लिहिते.

*

हेअर ड्रायर हा शोधकामाचा राजा. पण सगळा बोर्ड भाजू नका, कागदाची नळी करून एकाच पार्टवर झोत सोडा. माझ्याकडे असा एक ट्रान्झिस्टर सापडला, लाह्या फुटल्यासारखा आवाज करायचा. टिचकीने ढिम्म फरक नाही. डाग ठीक, पार्टच आतून नासका.
(घरात ड्रायर सापडत नाहीये म्हणून सध्या माझी चौकशी चालू आहे.)

*

सोल्डर केल्यावर उरलेला फ्लक्स पुसता का सगळे?

*

नाही.

*

मग भोगा. ४८ व्होल्टच्या ट्रॅकशेजारी चिकट थर, वर दमट हवा. आणखी काय होणार?

*

दमट हवेवरून आठवलं. मी अख्खा प्रीअँप उसवला आणि दोषी निघाला माइक! कंडेन्सरच्या कॅप्सूलपाशी गीगाओहमचा (अब्जावधी ओहमचा) मामला, जरा ओल धरली की तडतड. रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवला, सकाळी शांत. तेव्हापासून आधी माइक काढून प्लगमध्ये पिन २ आणि ३ मध्ये माइकच्या जागी १५० ओहमचा रेझिस्टर लावते. तरीही आवाज आला तरच पेचकस हातात.

*

१५० ओहमवाली युक्ती लिहून घेतली 🙏 माझं दुखणं साधं होतं. पेटीला रंग, रंगावर अर्थचा स्क्रू. कधी टेकतोय, कधी नाही. मोबाइल जवळ नेला की टडक टडक. स्क्रूखालचा रंग खरवडला, वॉशर घातला. पाच मिनिटांचं काम, शोधायला दोन रविवार.

*

तुम्हा लोकांचे प्रीअँप बनून तरी होतात. माझा बोर्ड अजून डब्यात, मुलगा त्यावर गाडी चालवतो.

*

@फ्लक्स: टूथब्रश आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). घरच्यांचा ब्रश नको, अनुभवाचे बोल.

*

ड्रायर मिळाला. माझ्याच टूलबॉक्समध्ये होता, नळीसकट. घरी बोलू नका कुणी.