उद्यापासून फुल अटेंडन्स, काणकोण ते पणजी रोज कसं जमवायचं?

काणकोणची_सून
रविवार, ६ फेब्रुवारी २०२२, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आज सकाळपासून घरात सगळे लताबाई (मंगेशकर) गेल्याच्या बातम्या बघत बसलेलो, सासूबाई तर मंगेशीच्या आठवणी काढून रडत होत्या, आणि त्यातच ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला की उद्या सोमवार ७ तारखेपासून केंद्र सरकारच्या सगळ्या कर्मचाऱ्यांची शंभर टक्के हजेरी, कुणालाच सूट नाही. रविवारी संध्याकाळी सांगतात आणि सोमवारी सकाळी हजर व्हा! महाराष्ट्रात लताबाईंसाठी उद्या सुट्टी जाहीर केली म्हणे, आपल्याकडे नाही.

मी पणजीत एका केंद्रीय ऑफिसात यूडीसी (अप्पर डिव्हिजन क्लार्क) आहे. लॉकडाऊन लागला तेव्हा मेरशीला भाड्याने राहत होतो, तीन महिने रिकाम्या फ्लॅटचं भाडं भरलं आणि मग सोडला, टेम्पोत सामान घालून मिस्टरांच्या गावी आलो. रोस्टर (आळीपाळीने हजेरी) होतं तोवर आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या व्हायच्या, बाकीचे दिवस ई-ऑफिसवर घरून काम. दिवाळीनंतर पूर्ण हजेरी झाली तेव्हा पर्वरीला नणंदेकडे राहून दोन महिने काढले, पण आता तिच्याकडे तिची सासू आलीय, तिथे परत जाऊन पडायला मला बरं नाही वाटत. ३ जानेवारीच्या ऑर्डरीने परत पन्नास टक्के झालं तेव्हा खरं सांगते, देवाला नारळ दिला होता मी.

मुलगा चौथीत, शाळा अजून ऑनलाइन. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालाय. मिस्टरांचं पाळोळ्याला दुकान आहे आणि हाच सीझन, दोन वर्षांनी कुठे चार गिऱ्हाईकं दिसायला लागलीत, त्यांना घरी बस कशी म्हणू?

तर २०२० मध्ये ते वर्षाला १५ दिवस वर्क फ्रॉम होम देणार असं पेपरात आलेलं त्याचं पुढे काय झालं? ते मागता येतं का? दुसरं म्हणजे रजा कुठली बसेल. आणि तिसरं, काणकोणहून पणजीला रोज ये-जा करणारं कुणी आहे का इथे, किती वाजता निघता?

---

पेन्शनर_फोंडा
रविवार, रात्री १०.२५

ताई, ३४ वर्षं एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला (कर्मचाऱ्यांच्या रजा-नेमणुका बघणारा) काढली म्हणून लिहितो. ते १५ दिवसांचं विसरा. मे २०२० मध्ये डीओपीटीने (केंद्राच्या कर्मचारी खात्याने) एक मसुदा सगळ्या मंत्रालयांना पाठवून मतं मागवली होती, त्यात ते होतं, शिवाय लॅपटॉप द्या, व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं) द्या, गोपनीय फायली घरून उघडायच्या नाहीत असं बरंच काही होतं. पण त्याचा नियम झाला नाही. मसुदा दाखवून साहेबाकडे काही मागायला गेलात तर साहेब चहा पाजून परत पाठवील.

तुमच्या कामाची आहे ती चाइल्ड केअर लीव्ह (सीसीएल). अख्ख्या नोकरीत ७३० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण पगार, पुढच्या ३६५ ना ८० टक्के. एका वेळी कमीत कमी ५ दिवस घ्यावी लागते आणि वर्षात तीनच वेळा, म्हणजे दर शुक्रवारी सीसीएल असं चालणार नाही. हक्क म्हणून मागता येत नाही, आधी मंजुरी पाहिजे. अर्जात कारण मुलाचं लिहा, सासूबाईंचं नको. त्यांच्यासाठी लागली तर ईएल (अर्जित रजा) घ्या. लोक भावनेच्या भरात अर्जात सगळं घर लिहून काढतात आणि मग क्लार्क म्हणतो ही रजा यात बसत नाही, मी स्वतः तसे कितीतरी परत पाठवलेत.

आणि उशिराचं लक्षात ठेवा. एका उशिराला अर्धी सीएल (किरकोळ रजा) जाते. महिन्यात दोन वेळा तासाभरापर्यंतचा उशीर योग्य कारण असेल तर साहेब माफ करू शकतो. सीएल वर्षाला ८, म्हणजे १६ उशीर झाले की संपली, मग ईएलला हात. आता तुमच्या वाटेवरचा घाट आणि झुआरी पुलावरची रांग, हिशोब तुम्हीच करा.

---

डिचोलीकर
रविवार, रात्री ११.०२

राग मानू नका पण थोडं आमच्या बाजूने पण बघा. गेल्या वर्षी वडिलांच्या एका कागदासाठी तुमच्यासारख्याच एका केंद्रीय ऑफिसात चार खेपा घातल्या, डिचोलीहून, दर वेळी अर्धा दिवस दुकान बंद. एकदा ज्यांच्याकडे फाईल ते रोस्टरवर नाहीत, एकदा आलेत पण ज्यांची सही पाहिजे ते घरून काम करतायत, फोन करा म्हणे, फोन केला तर रेंज नाही. पोलीस रोज ड्युटीवर, जीएमसीच्या (सरकारी हॉस्पिटलच्या) नर्सबाई रोज ड्युटीवर, कदंबाचा (सरकारी बसचा) ड्रायव्हर रोज, वीज खात्याचा लाइनमन तौक्ते वादळात खांबावर. त्यांना कोण घरून काम देणार होतं? म्हणून शंभर टक्के हजेरी म्हटल्यावर मला तरी बरं वाटलं बाबा.

---

काणकोणची_सून
रविवार, रात्री ११.३०

डिचोलीकर, राग नाही. तुमची फाईल माझ्या टेबलावर असती तर मीही तुम्हाला रेंज नाही असंच सांगितलं असतं, कारण खरंच नसते हो! आमच्या वाड्यावर घरात एक काडी येत नाही. मागच्या बाजूला कुंपणासाठी आणलेले चिरे रचून ठेवलेत, त्या ढिगावर चढलं की ओटीपी येतो. पावसात एका हातात छत्री एका हातात मोबाईल, खाली पोरगा ओरडतोय आई माझा क्लास लागला फोन दे. व्हीपीएन तुटलं की परत पहिल्यापासून लॉगिन. तरी महिन्याअखेरीची बिलं एकदाही मागे राहिली नाहीत माझी, रात्री अकराला बसून केलीत. ते कुणाला दिसत नाही, कारण काउंटरवर माणूस दिसला नाही की काम बंद असंच वाटणार, आणि तुमच्या जागी मी असते तरी तेच वाटलं असतं म्हणा.

पेन्शनर काका, सीसीएलचं वर्षात तीनच वेळा हे मला माहीतच नव्हतं, मी खरंच शुक्रवारांचा विचार करत होते.

---

शटलवाला
सोमवार, ७ फेब्रुवारी, पहाटे ५.५०

मी काणकोणचा नाही, कुंकळ्ळीचा, पण सात वर्षं पणजीला ये-जा करतोय. काणकोणहून मडगावला कदंबा पकडा, करमलच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला नाही तर वेळेत येते. मडगाव स्टँडवर पणजी शटलची (मध्ये न थांबणाऱ्या बसची) लाइन आत्ता कमी वाटेल, पण आजपासून बघा. खरा खेळ पुढे कुठ्ठाळीला. झुआरीचा जुना पूल १९८३ चा, बाजूला नव्याचे खांब उभे राहिलेत ते खिडकीतून बघत अर्धा तास कसा जातो कळत पण नाही (कळतो). साडेनऊला पोचायचं असेल तर घरातून सव्वासहाच्या पुढे निघू नका. नऊची हजेरी असेल तर तुम्हाला कोंबड्याच्या आधी उठावं लागणार. ट्रेनने जमतं का बघा, करमळीला उतरून पुढे बस, पण परतीच्या गाडीची वेळ जुळली पाहिजे, ऑफिस काय गाडीसाठी सोडणार नाही.

जानेवारीच्या ऑर्डरीत ९ ते ५.३० आणि १० ते ६.३० अशा दोन वेळा होत्या ना? ती १० ची वेळ मिळते का विचारा. विचारायला काय जातं.

आणि ट्रान्सपोर्ट अलाउन्स घेता ना, त्याचं काय?

---

पेन्शनर_फोंडा
सोमवार, सकाळी ७.१५

अलाउन्स काय पुरणार. यूडीसीला पणजीत १८०० अधिक त्यावर ३१ टक्के डीए (महागाई भत्ता), झाले २३५८. बावीस दिवसांनी भागा, दिवसाला १०७ रुपये. तुम्ही काणकोणला राहता की पणजीला, सरकारला त्याचं काही नाही. ऑफिस पणजीत, राहायचं कुठे तो तुमचा प्रश्न. आमच्या वेळी तर बाहेरगावी राहायला आधी परवानगी लागायची, आता कोण विचारत नाही, पण उशीर झाला की पहिलं हेच काढतात, मुख्यालयात, म्हणजे ऑफिसच्या गावात, का राहत नाही म्हणून. तेव्हा वेळ बदलून मागताना 'लांबून येते' हे कारण पुढे करू नका. मुलाची शाळा ऑनलाइन आहे तोवर, एवढंच लिहा, तारीख घालून. तारीख असली की साहेबाला हो म्हणायला सोपं जातं.

---

मास्तरीण_केपें
सोमवार, दुपारी १.४०

मी प्राथमिक शाळेत शिकवते. ताई, तुमचा पोरगा चौथीत म्हणजे माझ्याच वर्गासारखा. शाळा उघडेपर्यंत सकाळचा क्लास आजीच्या शेजारी बसून करू दे, आजीला ऑपरेशननंतर तसंही एका जागी बसायचं आहे. आमच्या एका मुलाच्या आजीने असं दोन महिने केलं, आता ती मला भागाकार शिकवते. फोन मात्र घरात दुसरा पाहिजे, जुना असला तरी चालेल. आणि चिऱ्यांच्या ढिगाचं वाचून हसू आलं नाही, आमची पोरं पण डोंगरावर जाऊन बसायची.

---

काणकोणची_सून
गुरुवार, १० फेब्रुवारी, रात्री ८.५५

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, रोज घरी पोचते तेव्हा बोटं उचलत नाहीत. आत्तासुद्धा हे बसमध्ये टाइप करतेय, बाळ्ळीच्या पुढे रेंज जाईल.

सोमवारी शटलवाल्यांचं ऐकून सहाला निघाले, सव्वानऊला पोचले. बायोमेट्रिक अजून बंदच आहे, रजिस्टरवर सही. सगळे आले आणि खुर्च्या कमी! दोन वर्षं पन्नास-पन्नासने चालवताना मोडक्या खुर्च्या स्टोअरला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. आमच्या सेक्शनचा एक जण दुपारपर्यंत स्टुलावर. मंगळवारी मात्र तो प्रश्न आपोआप सुटला, कारण १४ तारखेच्या विधानसभेच्या मतदानासाठी मायक्रो ऑब्झर्व्हर (मतदान केंद्रावर लक्ष ठेवणारे) म्हणून चार जणांना ट्रेनिंगला नेलं, काल अजून दोघं गेले. फुल अटेंडन्सच्या पहिल्याच आठवड्यात ऑफिस परत रोस्टरसारखं दिसायला लागलं, साहेबसुद्धा हसले.

१० ची वेळ मागितली, काकांनी सांगितलं तसं तारीख घालून लिहून दिलं, २८ फेब्रुवारीपर्यंत. अजून सही नाही, पण 'नाही' असंही म्हटलेलं नाही. सीसीएल मार्चच्या परीक्षेसाठी राखून ठेवतेय. सासूबाई आणि पोरगा पहिले दोन दिवस भांडले, तिसऱ्या दिवशी दोघं मिळून माझी तक्रार करायला लागले, म्हणजे जमलं असं समजते. मिस्टरांचा जुना फोन दुरुस्त करून घेतला, साडेआठशे रुपये.

डिचोलीकर, बुधवारी काउंटरवर एक आजोबा आले, तिसरी खेप म्हणाले. तुमची आठवण झाली. कागद त्याच दिवशी हातात दिला, फक्त सही करणारे ट्रेनिंगला होते म्हणून त्यांना सव्वाचारपर्यंत बसवून ठेवावं लागलं.

सोमवारी १४ ला मतदानाची सुट्टी आहे, म्हटलं एक दिवस तरी झोपेन. आत्ता मतदार यादीत बघितलं तर माझं नाव अजून मेरशीलाच आहे, बदलून घ्यायचं राहूनच गेलं. म्हणजे सुट्टीच्या दिवशी पण तीच बस.

---

शटलवाला
गुरुवार, रात्री ९.२०

सोमवारी बस धरून चालू नका. कदंबाच्या बऱ्याच गाड्या इलेक्शन ड्युटीला जातात. स्कूटर असेल तर बघा.