मदत हवी आहे: जुन्या येझदी मोटारसायकलची चासी (सांगाडा) दुरुस्त करणारा भरवशाचा माणूस (सांगली-मिरज-सातारा)

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८२ ची येझदी आहे. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या घरी ती टाकीपर्यंत पाण्यात होती. इंजिन नंतर खोलून केलं, आता एका किकला चालू होतं. अडलंय ते चासीवर. हँडलच्या कोनसेटखाली (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) चासीची पुढची नळी जिथं जोडलीय, तिथं केसाएवढी चीर आहे. रंग खरवडला तर गंजाचा भुगा पडला, आणि पान्यानं ठोकलं की आवाज बद्द येतो. म्हणजे नळी आतून खाल्लीय.

एक गॅरेजवाले वरून पट्टी टाकून साधं वेल्डिंग मारतो म्हणाले. मला ते अजिबात पटत नाही. गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर टाका धरत नाही, शेजारून नवी चीर जाते. उष्णतेनं चासीचं हेड (कोनसेट बसतो तो भाग) जरासं जरी ओढलं तरी दोन्ही चाकं एका रेषेत राहत नाहीत. आणि ही जागा चालत्या गाडीत तुटली तर जिवावरच बेततं.

कुजलेला भाग कापून, आत स्लीव्ह (आधाराची छोटी नळी) देऊन त्याच मापाची नळी बसवणारा, चासी जिगवर (माप हलू न देणाऱ्या साच्यावर) बांधून टिग वेल्डिंग (गॅसच्या आवरणात होणारं बारीक वेल्डिंग) करणारा कुणी माहीत आहे का? चासी नंबरला ग्राइंडर लागता कामा नये, नाहीतर आरटीओत पासिंगला गाडी अडकेल.

कुपवाड, कराड, सातारा, अगदी कोल्हापूरलाही टेम्पोत घालून नेईन. घाई नाही. ज्यांनी स्वतःची गाडी करून घेऊन नंतर भरपूर चालवलीय, त्यांनी कृपया सांगा.