देव न मानणाऱ्या गुरुजींच्या फलकावर ‘पुण्यस्मरण’ चालेल का?

टिळकवाडीहून प्रश्न (सगळे बोलणारे बेळगाव भागातले, प्रत्येकाच्या बोलण्याआधी त्याचं ठिकाण दिलं आहे) : एका निवृत्त शिक्षकांना जाऊन वर्ष झालं, त्यांच्या स्मरणाचा फलक करायचा आहे. वर कन्नड, खाली मराठी. गुरुजी देव मानत नव्हते, पूजा-अर्चा काही नाही. पण गावातली निम्मी पोरं त्यांच्याच घरी अभ्यास करून मोठी झाली. कन्नड मजकुरात ‘पुण्यस्मरणे’ आणि ‘अंतःकरणवुळ्ळ गुरुगळु’ (जिव्हाळा असलेले गुरुजी) असं आहे. मराठीत ‘कै.’, ‘पुण्यस्मरण’, ‘दयाळू अंतःकरणाचे’ असं लिहून आलंय. घरच्यांना ते पटत नाही. श्रद्धेचा वास नसलेले, पण कोरडेही नसलेले शब्द कोणते?

खानापूर : आधी ‘कै.’ काढा. ते कैलासवासी. ‘वै.’ वैकुंठवासी आणि ‘स्व.’ स्वर्गवासी म्हणून तेही नकोत. लोक मग ‘दिवंगत’ घेतात आणि निर्धास्त होतात, पण त्यातलं ‘दिव’ म्हणजेही स्वर्गच की. आज ते कुणाच्या कानाला खुपत नाही, तरी घरचे इतके काटेकोर असतील तर ‘स्मृतिशेष’ घ्या. आठवणींच्या रूपाने उरलेले, एवढंच तो शब्द सांगतो. ‘पुण्यस्मरण’च्या जागी ‘प्रथम स्मृतिदिन’. फ्लेक्सवाला हमखास ‘स्मृतीदिन’ टाकतो. सुटा शब्द ‘स्मृती’, पण समासात ‘ति’ ऱ्हस्व. छपाईला जाण्याआधी तेवढं बघा. कन्नडमध्ये नुसतं ‘पुण्य’ गाळून ‘स्मरणे’ ठेवलं की भागतं.

निपाणी : ‘पुण्य’ एवढं वाईट का? तुकोबांनीच ‘पुण्य पर उपकार, पाप ते परपीडा’ अशी सरळ व्याख्या करून ठेवली आहे. त्यात देवाचं नाव नाही.

खानापूर : व्याख्या बिनतोड आहे, भांडण तिच्याशी नाही. शब्दाचे सोबती बघा : पुण्य गाठीला बांधतात, पदरात पाडून घेतात, पूर्वजन्मीचं पुण्य फळाला येतं. सगळी जमाखर्चाची भाषा. गुरुजींनी शिकवलं ते कुठल्या खात्यावर जमा व्हावं म्हणून नव्हे, हेच तर घरच्यांना म्हणायचं असणार. आपल्या भागात आणखी एक भर पडते. कन्नडमध्ये ‘पुण्यक्के’ म्हणजे ‘नशिबाने’ आणि ‘धर्मक्के’ म्हणजे ‘फुकट’. ‘पुण्यक्के मळी बंतु’ म्हणजे नशीब, पाऊस आला. दोन्ही भाषा वाचणारा माणूस ‘धर्म’, ‘पुण्य’ वाचताना हे अर्थ बाजूला ठेवू शकत नाही.

चिकोडी : शब्द पारखायची एक सोपी रीत आहे. ‘देव मानत नाही, पण …… आहे’ या रिकाम्या जागेत शब्द भरा आणि मोठ्याने म्हणा. सज्जन, भला, मायाळू हे सहज बसतात. ‘पुण्यवान’ अडखळतो. ‘भाविक’ बसतच नाही. आणि ‘देवमाणूस’? देव मानत नाही, पण देवमाणूस आहे. कुणालाही यात विसंगती वाटत नाही! कन्नडमध्येही ‘देवरंथा मनुष्य’ असंच चालतं. माणसाच्या चांगुलपणाची पावती देताना आपली भाषा त्याच्या श्रद्धेची चौकशी करत नाही.

‘नास्तिक’ मात्र फलकावर छापू नका, कौतुकाने सुद्धा. बोलण्यात ती शिवी झाली आहे. मुळात त्याचा अर्थही देव न मानणारा एवढाच नव्हता. मनुस्मृती वेदनिंदकाला नास्तिक म्हणते. आणि वेदातल्या विधींचा अर्थ लावणारे मीमांसक जगाचा कर्ता म्हणून ईश्वर मानत नाहीत, पण वेद मानतात म्हणून आस्तिकांत मोजले जातात.

खानापूर : ‘दयाळू’बद्दल राहिलं. दया वरून खाली येते. देव दयाळू, राजा दयाळू. शिक्षकाला दयाळू म्हटलं की पोरं बापडी, लाचार ठरतात. आणि ‘अंतःकरण’ हा तर सापळाच. कन्नडमध्ये त्या एका शब्दात कणव, जिव्हाळा येतो. मराठीत अंतःकरण म्हणजे मन. ते कठोरही असतं. म्हणून तिथे जे नुसत्या ‘अंतःकरण’ने भागतं, त्याला इथे ‘मायाळू’ लागतं.

सौंदत्ती : मायाळूला माझी हरकत आहे. माया म्हणजे भ्रम, बंधन. कन्नड वाचणाऱ्याला ‘माये’ म्हटलं की तेच आठवतं. ‘मायवायितु’ म्हणजे गायब झालं.

शहापूर : कन्नड ओळीत ‘माये’ नकोच, तिथे ‘ममते’ किंवा ‘अक्करे’, म्हणजे जिव्हाळा. पण मराठीतली माया केव्हाच वेदान्तातून बाहेर पडली आहे. ‘प्रेम करतो’ म्हटलं की सिनेमा आठवतो. आजी नातवावर माया करते. माया लावतात, ती पातळ होते, आटते. भ्रम कधी पातळ होतो का?

आणि शिवणकामातली माया विसरू नका. शिलाईच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड म्हणजे माया. लहान मुलीच्या परकराला खाली दोन-तीन इंच दुमड. दोन वर्षांनी उसवलं की आतली पट्टी बाहेरच्यापेक्षा गडद निघते, कारण तिला ऊन लागलेलं नसतं. ती पट्टी लपत नाही.

अंग भरणार, पोर वाढणार, हे धरून आधीच राखलेली जागा. यात भ्रम कुठे आहे, सांगा.

सौंदत्ती : बरं, मराठी ओळीपुरती हरकत मागे. पण दासोहाचा विचार करा. लिंगायत मठात जेवण वाढतात त्याला आमच्याकडे दासोह म्हणतात, दान म्हणत नाहीत. दान म्हटलं की देणारा मोठा होतो. दासोहात देणारा दास असतो. गुरुजींच्या घरी पोरं जेवत असतील तर तो शब्द नेमका बसतो. बसवण्णांचं, म्हणजे बसवेश्वरांचं, वचनही ‘दयवे धर्मद मूल’ म्हणतं, म्हणजे दया आधी, धर्म तिच्यावर उभा.

चिकोडी : शब्द सुंदर आहे, पण दासोहाला शिवशरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या पंथातल्या शिवभक्तांच्या, भक्तीचा संदर्भ चिकटलेला आहे. गुरुजींनी जे स्वीकारलं नाही ते त्यांच्या नावावर चढवल्यासारखं होईल. त्यापेक्षा ‘माणुसकी’. त्यातला ‘की’ बघा : पाटीलकी, भावकी, गावकी. हा प्रत्यय नुसता गुण सांगत नाही, हक्क आणि जबाबदारी सांगतो. पाटलाला पाटीलकी करावी लागते, तशी माणसाला माणुसकी. शेजारधर्मातला ‘धर्म’ही असाच, कर्तव्याचा, शेजाऱ्याला दवाखान्यात नेताना कुणी पोथी उघडत नाही. पण फलकावर सुटा ‘धर्म’ आला की लोक जात-पंथच वाचणार.

निपाणी : मग ‘माणुसकीचा झरा’ लिहा की.

खानापूर : झरा, महामेरू, दीपस्तंभ हे प्रत्येक चौकातल्या फलकावर आहेत. नको. मराठी मजकूर एवढाच : ‘स्मृतिशेष’, मग नाव, त्याखाली ‘प्रथम स्मृतिदिन’, त्याखाली ‘मायाळू शिक्षक, भला माणूस’. ‘विनम्र अभिवादन’ चालेल. ‘आत्म्यास शांती लाभो’ गाळा, आत्मा मानत होते की नाही हे तरी कुणी विचारलंय? कन्नड ओळीत ‘अंतःकरणवुळ्ळ गुरुगळु’ तसंच राहू द्या, ते उत्तम आहे.

टिळकवाडी : घरच्यांना ‘भला माणूस’ आवडलं. एक शंका : आजी म्हणतात, खाली ‘देव त्यांचं भलं करो’ पाहिजेच.

शहापूर : आजींचं ऐका. कोकणीत ‘देव बरें करूं’ म्हणजे नुसतं ‘आभारी आहे’. फक्त ती ओळ मजकुराच्या खाली, आजींच्या नावाने टाका.