मिश्र गाठ अचानक ‘मिश्र’ राहिली नाही, असं कसं?

धाकटी: २०१२ मध्ये दादाच्या मेंदूच्या ऑपरेशननंतर रिपोर्टवर ‘ऑलिगोअ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड २’ होतं. दोन जातींच्या पेशींची मिश्र गाठ, असं समजावलं होतं. यंदा ती परत वाढली. जुने ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) पुन्हा तपासले, तर त्यातही नुसतं ‘अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट’. मग आधीचं निदान चुकलं? दोन्ही कागद शेजारी ठेवून रात्र जाते.

स्लाइडवाला: ताई, चूक नव्हती. तेव्हा आम्ही पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर पेशी कशा दिसतात त्यावरून नाव द्यायचो. गोल केंद्रक, भोवती पांढरं कडं, की ऑलिगो (ऑलिगोडेंड्रोग्लिओमा). वेडीवाकडी केंद्रकं, बारीक धाग्यांचं जाळं, की अ‍ॅस्ट्रो. दोन्ही दिसलं की मिश्र. ते कडं तर तुकडा टिकवायच्या फॉर्मॅलिनमुळे उमटतं, ऑपरेशन चालू असताना गोठवून कापलेल्या तुकड्यात ते नसतंच! एकच स्लाइड, पाहणारे दोघे, नावं दोन. याचा मला फार त्रास व्हायचा.

जनुकं बोलू लागली तेव्हा उलगडा झाला. सुरुवात दोन्हींत एकच, आयडीएच जनुकातला बदल; बहुतेकदा आयडीएच१ मध्ये १३२व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. फाटा पुढे फुटतो. टीपी५३ आणि एटीआरएक्स ही जनुकं बिघडली तर अ‍ॅस्ट्रो. क्रोमोसोम १ ची आखूड आणि १९ ची लांब भुजा, दोन्ही गळाल्या तर ऑलिगो. एटीआरएक्सचा स्टेन लावलेली अशी एक ‘मिश्र’ गाठ मला अजून डोळ्यांसमोर दिसते: रक्तवाहिन्यांची केंद्रकं तपकिरी (एटीआरएक्स शाबूत), गाठीची सगळी निळी (एटीआरएक्स गेलेलं), गोल कड्यांच्या भागातसुद्धा. म्हणजे रूपं दोन, मूळ एक. २०१६ मध्ये डब्ल्यूएचओने हे मिश्र गाठीचं नाव टाळायला सांगितलं, २०२१ च्या यादीत ते नाहीच.

पेशीवेडा: यात भर घालतो. २०१७ मध्ये एकेक पेशी सुटी करून तिच्यातली चालू जनुकं वाचली, तेव्हा दोन्ही गाठींत अ‍ॅस्ट्रोसारख्या, ऑलिगोसारख्या आणि थोड्या मूलपेशींसारख्या पेशी सापडल्या. त्यामुळे मिश्र दिसणं स्वाभाविकच.

धाकटी: हा बदल आमच्या घराण्यातून आलाय का? मला दोन मुलं आहेत.

स्लाइडवाला: आयडीएचचा बदल आईवडिलांकडून येत नाही, तो नंतर मेंदूतल्या पेशीत घडतो. टीपी५३ चा दोष मात्र क्वचित वारशाने येतो. घरात लहान वयात कॅन्सर झालेलं कुणी असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.